मेक्सिको राहू द्या, आधी म्हाळाला पोरांना बोलवा

पुण्यात आम्ही राहतो त्या सोसायटीत दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या आसपास हॅलोविन असतो. प्लास्टिकचे सांगाडे, कवट्या, लिफ्टच्या दारावर कोळ्याची जाळी, आणि चार-पाच वर्षांची पोरं तोंडाला लाल रंग फासून 'भूत' होऊन चॉकलेटं गोळा करत फिरतात. कुणाला काही वाटत नाही. पण त्याच सोसायटीत, त्याच्या महिना-दीड महिना आधी, कुणी म्हणालं की "उद्या आमच्याकडे वडिलांचा म्हाळ आहे, मुलांना घेऊन या जेवायला", तर समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकतो. "आम्ही येऊ रे, पण मुलांना नको. घाबरतील."

म्हणजे सांगाडा चालतो, आजोबांचा हार घातलेला फोटो चालत नाही!

आजचा लेख या विषयावर. थोडा कडू लागेल, म्हाळाच्या कारल्यासारखा. :) (ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: म्हाळ म्हणजे महालय. पितृपंधरवड्यातल्या श्राद्धाला आमच्या सातारा-सांगलीकडे सरसकट म्हाळच म्हणतात.)

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. आपण, म्हणजे माझ्यासारखे लॅपटॉपवर पोट भरणारे शहरी आईबाप, मुलांपासून मरण लपवतो. लपवून त्यांचं भलं करत नाही, नुकसान करतो. आणि ते समजावून सांगायची एक बरी, घरगुती, पोटभर जेवणासकट मिळणारी पद्धत आपल्याकडे तयार असताना आपण ती 'अशुभ' म्हणून मुलांना दाखवत नाही.

आता मेक्सिको मध्येच कुठून आलं? सांगतो. पिक्सारचा 'कोको' २०१७ साली आला आणि आमच्या सगळ्या मित्रमंडळींनी तो आपापल्या पोरांना दाखवला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: मिगेल नावाचा एक मुलगा मेक्सिकोतल्या 'मृतांच्या दिवशी' चुकून मेलेल्यांच्या दुनियेत जातो आणि आपल्या पूर्वजांना भेटतो. घरच्या वेदीवर ज्याचा फोटो लावलेला नाही, त्याला त्या दिवशी घरी यायला मिळत नाही. आणि जिवंत माणसांपैकी कुणालाच ज्याची आठवण राहिली नाही, तो कायमचा संपतो. सिनेमा संपल्यावर आमच्या ग्रुपमधले चांगले दणकट बाप डोळे पुसत होते. "काय सुंदर कल्चर आहे यार मेक्सिकोचं!" असंही म्हणाले.

आहेच सुंदर. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे घरोघरी वेदी मांडतात. पहिला दिवस गेलेल्या लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं, मृतांचा म्हणून खास भाजलेला पाव, साखरेच्या कवट्या. कबरस्तान झाडून धुऊन फुलांनी सजवतात आणि तिथेच बसून जेवतात, गातात. मुलं सगळीकडे बरोबर असतात. युनेस्कोने २००८ साली हा सण मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला.

आणि फूल कुठलं? झेंडू! आपण दसऱ्याला दारावर बांधतो तोच. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, युरोपियनांच्या जहाजांतून आपल्याकडे आला. तिथे त्याला मेलेल्यांना घरची वाट दाखवणारं फूल मानतात. फूल आपण घेतलं आणि असं काही मुरवलं की ते परदेशी आहे हे आज कुणाच्या खिजगणतीत नाही. मग ती माणसं मुलांशी मरणाबद्दल जे मोकळेपणाने बोलतात, तेवढं घ्यायला काय हरकत आहे? आणि ते तर घ्यायचीही गरज नाही, आपलंच आहे. फोटो, पाणी, आवडीचं खाणं, ठरलेली तिथी, सगळं कुटुंब एकत्र. म्हाळात यातलं काय नाही?

असो. आता आपण मुलांना काय सांगतो ते बघू.

"आजी देवाघरी गेली." "आजोबा तारा झाले." "काका झोपलेत." "आजी गावाला गेली."

ही शेवटची थाप सगळ्यात वाईट. माझ्या एका मित्राची आई साताऱ्याला गेली, म्हणजे वारली. (बघा, आपली भाषासुद्धा कशी फसवते!) मुलगा चार वर्षांचा. त्याला शेजाऱ्यांकडे ठेवून सगळे साताऱ्याला जाऊन आले आणि आल्यावर सांगितलं, आजी गावाला गेली. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. दोन महिन्यांनी दिवाळीत गावी निघायचं म्हणून बॅगा भरल्या, आणि पोरगं गाडीत बसेना. रडून रडून उलटी केली. कुणाला काही कळेना. शेवटी आईच्या पदराला धरून म्हणालं, "बाबांना गावाला पाठवू नको."

त्याचं काय चुकलं? गावाला गेलेली आजी परत आली नाही, फोनवर आली नाही, कुणी तिचं नावही काढत नाही. त्याने उपलब्ध डेटावरून अगदी बरोबर निष्कर्ष काढला. इनपुट आपण चुकीचं दिलं. सॉफ्टवेअरवाल्यांना याहून वेगळं समजवायची गरज नाही.

लहान मुलांना मरण कसं समजतं यावर बराच अभ्यास झाला आहे. १९४८ साली मारिया नागी या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून जे मांडलं त्याचा सारांश असा: पाचेक वर्षांच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, मेलेला माणूस परत येईल असं वाटतं. त्यानंतर काही वर्षं मुलं मरणाला कुणीतरी येऊन घेऊन जाणारा बुवा समजतात. नऊच्या पुढे कळतं की ते सगळ्यांनाच आहे. पुढे १९८४ मध्ये स्पीस आणि ब्रेंट या दोघांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की मुलाला तीन गोष्टी कळाव्या लागतात: मेलेलं परत येत नाही, मेल्यावर शरीराचं काम थांबतं, आणि जिवंत प्रत्येकजण कधीतरी मरतो. बहुतेक मुलांना हे पाच ते सात या वयात उमगतं.

आता आपल्या थापा परत वाचा. 'झोपलेत', 'गावाला गेली'. लहान मुलाची जी मूळ चुकीची समजूत असते, नेमकी तीच आपण मोठी माणसं शिक्का मारून पक्की करतो. वर झोपायला घाबरणारं पोर डॉक्टरकडे नेतो.

गंमत म्हणजे मरणाबद्दल प्रश्न विचारणारा सगळ्यात प्रसिद्ध मुलगा आपलाच आहे. कठोपनिषदातला नचिकेता. तो थेट यमाच्या दारात जाऊन विचारतो, माणूस मेल्यावर काय होतं? काही म्हणतात असतो, काही म्हणतात नसतो. खरं काय? आणि यम काय करतो? आपण करतो तेच! विषय बदलतो. हा प्रश्न नको रे बाबा, दुसरं काहीही माग. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, लांबलचक आयुष्य घे. आजच्या भाषेत, हा घे मोबाईल, कार्टून बघ. नचिकेता म्हणतो, ते ठेवा तुमच्याकडे, मला उत्तर द्या. आणि मग यमाला बसून सांगावं लागतं. उपनिषदाची थोरवी पोरांना श्लोकांच्या वर्गात घोकायला लावणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट एकदा नीट वाचावी.

आता आमच्या घरचं सांगतो. वडील गेले तेव्हा माझी लेक पाच वर्षांची होती. तिला आम्ही सरळ सांगितलं, आबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते खात नाहीत, बोलत नाहीत, त्यांना दुखत नाही. परत येणार नाहीत. पहिल्या म्हाळाला तिला सांगलीला घेऊन गेलो. सकाळपासून ती स्वयंपाकघरात माझ्या आईच्या मागे मागे.

"आज्जी, आबा येणारेत जेवायला?"

"न्हाई बाळा. मेलेलं माणूस येत न्हाई परत. पण आज त्यांच्या नावानं करायचं."

"मग खाणार कोण?"

"कावळा, गाय, आन तू."

"आबांना कारलं आवडायचं?"

"छ्या! ताट सरकवायचे."

"मग का केलंयस?"

"रीत हाय म्हणून. त्यांना वडे आवडायचे. धा-धा खायचे. डॉक्टर नको म्हणायचा तरी."

इथून जे सुरू झालं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. आबांनी वड्यांपायी किती शिव्या खाल्ल्या, आबांची सायकल कृष्णेच्या घाटावरून कशी चोरीला गेली, आबा रेडिओवर मॅच ऐकताना कुणाला बोलू कसं द्यायचे नाहीत. मीसुद्धा यातलं निम्मं पहिल्यांदा ऐकत होतो. मग गच्चीवर पान ठेवलं, कावळ्याची वाट बघितली. कावळा आला, वडा उचलला, लेक खूश. रात्री झोपताना तिने विचारलं, "बाबा, तू पण मरणार?" मी म्हटलं, "हो. सगळेच मरतात. पण बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर मरतात. आत्ता मी इथेच आहे." ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग तुझा मोबाईल कुणाला?" आणि दोन मिनिटांत झोपली. घाबरली वगैरे काही नाही.

म्हाळाची रचनाही जरा बघण्यासारखी आहे. जो ज्या तिथीला गेला त्याला पंधरवड्यातली ती तिथी. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी. अपघातात किंवा शस्त्राने मेलेल्यांसाठी चतुर्दशी. आणि ज्याची तिथी माहीत नाही, चुकली, विसरली, त्या सगळ्यांसाठी सर्वपित्री अमावस्या. प्रोग्रामिंगच्या भाषेत, हा डीफॉल्ट केस. कुणीही सुटता कामा नये! तर्पणातली नावंही नुसती बापाकडची नसतात. आईकडचे येतात, मामा, आत्या, मावशी, सासरे, गुरू, मित्रसुद्धा येतात. पोराला आपलं गोत किती मोठं आहे हे सांगायला याहून बरं निमित्त मला तरी माहीत नाही.

आता आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण दरवर्षी ऐकतो.

पहिला: "ही अंधश्रद्धा आहे. कावळ्याने खाल्लेलं मेलेल्याला पोचतं, हे मुलांना शिकवायचं?" नका शिकवू! मुलीला सांगा की कावळा भुकेला असतो म्हणून खातो. दाभोलकरांचा सातारा आहे हा, चिकित्सेला आमच्याकडे कधीच बंदी नव्हती. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण याच जिल्ह्यातलं, आणि भटजीशिवाय विधी करायचा रस्ता त्यांच्या सत्यशोधक समाजाने दीडशे वर्षांपूर्वी दाखवलाय. पण एक बघा. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. तेव्हापासून त्यांचे सहकारी त्या दिवशी, त्या पुलावर जमतात. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीवर दर २५ नोव्हेंबरला माणसं फुलं वाहायला येतात. पिंड नाही, कावळा नाही. तरी तारीख लागते, जागा लागते, चार माणसं लागतात. कर्मकांड टाका, पण ही गरज टाकता येत नाही.

दुसरा: "हे सगळं एका धर्माचं, एका जातीचं झालं." अजिबात नाही. मिरजेला जा. मीरासाहेबांचा दर्गा आहे, त्याचा उरूस दरवर्षी भरतो. उरूस म्हणजे अवलियाची पुण्यतिथी, आणि त्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे लग्न! मरणाच्या दिवसाला लग्न म्हणणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या आठवणीत उरुसात गवई येऊन गातात. पोरांना तिथे न्या, गाणं ऐकवा आणि सांगा की हे गाणं एका मेलेल्या माणसासाठी चाललंय.

तिसरा: "यात बायकांना स्थान नाही." हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य. बाईने पहाटेपासून रांधायचं आणि पाणी सोडायला पुरुष, हा प्रकार बंद झालाच पाहिजे. पण त्याचा उपाय म्हाळ बंद करणं नाही, बदलणं आहे. आमच्याकडे ताम्हनात पाणी माझ्या आईने आणि लेकीने सोडलं. आभाळ कोसळलं नाही. आणि परंपरा बदलत नसते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मेक्सिकोचाच किस्सा: मेक्सिको सिटीत आज जी सांगाड्यांची भव्य मिरवणूक निघते, ती सुरू झाली २०१६ मध्ये. का? तर २०१५ च्या 'स्पेक्टर' या बाँडपटात तशी मिरवणूक दाखवली होती म्हणून! बाँडसाठी परंपरा बदलते, तर आपल्या आईसाठी का नाही?

चौथा, आणि सगळ्यात हास्यास्पद: "पितृपक्ष अशुभ असतो." या पंधरा दिवसांत आमच्यातली भली शिकलेली माणसं फ्लॅट बुक करत नाहीत, गाडीची डिलिव्हरी घेत नाहीत. अरे, ज्या बापाने पीएफ काढून तुला इंजिनिअर केला, तो घरी येतो असं मानायचं आणि वर ते दिवस अशुभ म्हणायचे? नवीन गाडी दारात उभी राहिली तर सगळ्यात आधी पुढच्या सीटवर तोच बसला असता!

हा सगळा आटापिटा कशासाठी? कारण मरण आपल्या सोयीने, मुलांचं वय बघून येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं सोडवून आणणारी बोट उलटली. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडने तर निरोपसुद्धा घेऊ दिला नाही. माणूस अँब्युलन्समधून गेला आणि परत फक्त त्याचा फोन आला. महाराष्ट्र सरकारने जून २०२१ मध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावाने ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवायचं ठरवलं. चांगलं केलं. पण त्या मुलांना आई-बाबांचं काय झालं हे कुणी, कोणत्या शब्दांत सांगितलं असेल? जे घर आजोबांच्या मरणाबद्दल कधी बोललं नाही, त्या घराला अशा वेळी एकदम शब्द कुठून सापडणार? त्याची सवय आधीपासूनच हवी.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या पितृपंधरवड्यात एक रविवार काढा. म्हाळ घालत नसाल तर नका घालू. घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो टेबलावर ठेवा, त्याच्या आवडीचं करा, आणि पोरांना शेजारी बसवून त्याच्या गोष्टी सांगा. चांगल्या सांगा, भांडणाच्याही सांगा. 'मेले' हा शब्द वापरा, तो शिवी नाही. पोराने शंभरदा तेच विचारलं तर शंभरदा तेच खरं उत्तर द्या. रडू आलं तर त्याच्यासमोर रडा. 'मेल्यावर काय होतं' याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असेल, ते तुमचं तुम्ही द्या. पण 'परत येत नाही' हे सगळ्या घरांत सारखंच आहे.

आणि फिरायला महाबळेश्वरला जाताच ना? वाटेत साताऱ्याजवळ संगम माहुलीला उतरा. कृष्णा-वेण्णेच्या काठावर राजघराण्यातल्या समाध्या आहेत, आणि थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचंही स्मारक आहे. पोरांना आधी कुत्र्याकडे न्या, बाकीचे प्रश्न ती स्वतःच विचारतील. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची रांग आहे. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शंकरासमोर बसलेला तोच माणूस. खालून वर वाचायचं कॉमिक! शेकडो वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांनी मरणाची गोष्ट देवळापाशी, पोरं खेळतात तिथे, चित्रात मांडून ठेवली. त्यांना वाटलं नाही पोरं घाबरतील म्हणून.

'कोको' जरूर दाखवा, मीही दाखवला. फक्त तो संपल्यावर पोराने विचारलं की "बाबा, आपल्याकडे फोटो कुणाकुणाचे लावायचे?", तर रिमोट हातात घेऊन पुढचा सिनेमा लावू नका. कपाटावरचा अल्बम खाली काढा.